अद्‌भुतकथेतील बिअर आणि आपले घरगुती किण्वन

मराठीत ‘नॉव्हेल’ ह्या वाङ्मयप्रकारास ‘कादंबरी’ हे नाव बाणभट्टाच्या ग्रंथावरून पडले, हे सर्वश्रुत आहे. त्या ग्रंथाच्या नायिकेचे नाव मुळात एका मद्याचे नाव आहे, ह्याचा मात्र आपणांस सहसा विसर पडतो. विष्णुपुराणात अशी कथा आहे की, वृंदावनात हिंडत असता बलरामास कदंबवृक्षाच्या ढोलीत वास करणाऱ्या वारुणीचा गंध आला आणि त्याने ते मद्य यथेच्छ प्राशन केले; कदंबापासून झाली ती कादंबरी. बाणाच्या पश्चात त्याचा अपुरा ग्रंथ पुरा करणाऱ्या त्याच्या पुत्रानेही ह्या श्लेषाचा लाभ घेतलेला आहे. गंधर्वांच्या नगरीत घडणारी, शापांनी व जन्मांतरांनी भरलेली आपल्याकडील ही थोर अद्‌भुतकथा अशा रीतीने एका पेयाचे नाव धारण करते, आणि तिच्यामुळे आज आपण शुद्ध वास्तववादी कथेसही तेच नाव देतो. तथापि बाणाची कादंबरी वाचून कोणी कदंबाची फुले आंबत घातली, असे काही ऐकिवात नाही.

इंग्रजी अद्‌भुतकथांच्या वाचकांचा प्रकार निराळा आहे. जे. आर. आर. टॉल्किन ह्यांची ‘द हॉबिट’ १९३७ साली आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ साली प्रसिद्ध झाली. ह्या कथांत नुसती नावाने येऊन जाणारी बिअर आपल्या घरी, आपल्या हातांनी तयार करून पाहणे, हा त्या वाचकांपैकी कित्येकांचा छंद होऊन बसला आहे. त्या छंदाची ओळख करून देणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू असता, तर तो ह्या पत्रिकेत प्रसिद्ध करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु त्याच्या पोटात भाषांतराचा आणि अध्यापनाचा एक खराखुरा प्रश्न दडलेला आहे, आणि तो जितका तीव्रपणे सुरतेजवळच्या डिंडोलीत जाणवावा तितका पुण्यात किंवा नाशकात जाणवणार नाही.

डिंडोली हे एके काळचे गाव, आता उधन्यापलीकडचे सुरत महानगराचे उपनगर. यंत्रमाग व कापड रंगवण्याचे कारखाने ह्यांच्या आधाराने जळगाव, धुळे, नंदुरबार ह्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. घरात अहिराणी, शाळेत मराठी व बाजारात गुजराती असा तिहेरी व्यवहार येथील मुलांच्या अंगवळणी पडलेला असतो. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी हेही एक माध्यम आहे. आता अशा घरातील एखाद्या मुलाने ग्रंथालयातून टॉल्किनच्या कथेचे मराठी भाषांतर आणले, आणि त्यात बुटके, अनवाणी, गोड स्वभावाचे हॉबिट सकाळ-संध्याकाळ बिअर पितात असे वाचून ‘ही माणसे चांगली की वाईट?’ असा प्रश्न शिक्षकास विचारला, तर शिक्षकाने काय उत्तर द्यावे? गुजरातेत दारूबंदी आहे. त्या मुलाच्या कानावर दारू हा शब्द पडतो तो पोलिसांच्या धाडीच्या संदर्भात किंवा लठ्ठाकांडाच्या बातमीत. २००९ साली अहमदाबादेत व २०२२ च्या जुलै महिन्यात बोटाद जिल्ह्यात विषारी दारूने अनेक बळी घेतले. बोटादच्या प्रसंगी तर लोकांनी जे प्राशन केले ती दारूही नव्हती, कारखान्यात वापरावयाचे मेथिल अल्कोहोल होते. ह्या पार्श्वभूमीवर हॉबिटांची बिअर मुलाच्या मनात नेमकी कोठे जाऊन बसेल, हे सांगण्यासाठी ज्योतिषी नको.

म्हणून प्रथम मूळ कथेत ही बिअर कोणत्या स्थानी आहे, हे पाहावयास हवे.

टॉल्किन हे ऑक्सफर्ड येथे प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक होते, आणि त्यांचा मित्रपरिवार तेथील ‘ईगल अँड चाइल्ड’ नावाच्या पानगृहात जमत असे. शायर ह्या त्यांच्या कल्पित प्रांतात बिअर ही चैनीची वस्तू नाही. ती शेतीची उपज आहे. शेतकरी मॅगटच्या घरी रात्रीच्या जेवणात अळंब्यांच्या थाळ्याबरोबर ती येते, आणि ती वाढणारी घरची बाई आहे. कोणत्या गावच्या पानगृहातील बिअर उत्तम ह्याविषयी हॉबिट ज्या आत्मीयतेने बोलतात, ती आत्मीयता आपल्याकडे कोणत्या गावची भरताची वांगी चांगली ह्या चर्चेत आढळते. ब्री गावच्या पानगृहाच्या मालकाचे नाव बार्लिमन. त्यात ‘बार्ली’, म्हणजे जव, स्पष्ट ऐकू येतो. ह्याच बार्लिमनवर संतुष्ट होऊन गँडाल्फ हा जादूगार त्याच्या बिअरीस सात वर्षे अलौकिक गुण लाभो, असा आशीर्वाद देतो. युद्ध संपल्यानंतरच्या १४२० ह्या शायर-शकातील सुगीचे वर्णन तर मुद्दाम वाचण्यासारखे आहे. त्या वर्षी जवाचे पीक असे उतरले की त्यापासून झालेल्या बिअरीचे नाव पुढे म्हणीसारखे रूढ झाले, आणि म्हातारी माणसे चांगला पेला संपवल्यावर त्या वर्षाची आठवण काढू लागली. आपल्याकडे एखाद्या वर्षीच्या आंब्याची किंवा ज्वारीची आठवण अशीच काढतात. बिअरीची प्रशंसा ही येथे पिकाचीच प्रशंसा आहे.

डिंडोलीच्या वाचकास विशेष चकित करील असा भाग कथेच्या अखेरीस येतो. चारही हॉबिट दूरदेशीचे पराक्रम आटोपून घरी परततात, तो शायरमध्ये दारूबंदी! पानगृहांस टाळी लागलेली, कारण नव्या मुखियास बिअर मान्य नाही. पुढे चौकशीअंती असे कळते की, आरंभी कारण ते होते खरे, पण आता सगळी बिअर मुखियाच्या माणसांच्याच पोटात जाते. टॉल्किनने हे प्रकरण लिहिले ते इंग्लंडातील युद्धोत्तर काळात वाचकांपुढे आले, म्हणून त्यात तत्कालीन राजकारण शोधण्याचा मोह अनेकांस झाला. स्वतः लेखकाने तसा अर्थ नाकारला आहे. येथील वाचकास मात्र त्यातून निराळेच काही दिसेल, आणि ते दिसू द्यावे. आमच्या मते हे प्रकरण वर्गात गाळण्यापेक्षा वाचून दाखवणे श्रेयस्कर आहे. दारूबंदी असावी की नसावी हा वाद तेथे उपस्थित करावा असे नव्हे. पण अन्यायी सत्ता लोकांच्या ताटातील व पेल्यातील वस्तूंपासून कशी सुरुवात करते, हे त्या कथेतील मर्म आहे. आणि ते कळण्यासाठी ती बिअर ताटाशेजारची होती हे आधी कळावे लागते.

आता घरी बिअर करणाऱ्या वाचकांकडे वळू. हा छंद कायदेशीर झाला तो तसा अलीकडेच. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरीसाठी परवाना लागे, तो १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने तिला १९७८ साली मोकळीक मिळाली. त्यानंतर दोन्ही देशांत छांदिष्टांची मंडळे निघाली, पुस्तके निघाली, आणि ज्यांच्या फडताळात टॉल्किन होता त्यांच्या मनात साहजिकच आले की, बार्लिमनची बिअर लागत असेल तरी कशी?

येथे खरी मौज सुरू होते. टॉल्किनने पाककृती दिलेली नाही. मग करणारा काय करतो? तो टीकाकाराचे काम करतो. प्रांत थंड, इंग्लंडच्या पश्चिमभागासारखा, धान्य जव, साठवण तळघरातील लाकडी पिंपात, बर्फाची वा यंत्राची शीतकरणाची सोय नाही, काळ यंत्रयुगापूर्वीच्या खेड्याचा. एवढ्या पुराव्यावरून तो असा निष्कर्ष काढतो की, ती आज बाटलीत मिळणारी फिकी, काचेसारखी पारदर्शक, थंड ‘लागर’ असणे शक्य नाही. ती तपकिरी, किंचित गढूळ, तळघराच्या थंडाव्याइतकीच थंड आणि सौम्य अशी ‘एल’ असली पाहिजे. पुढे प्रश्न उरतो तो हॉपच्या कडू फुलांचा. इंग्लंडात हॉप घालण्याची चाल साधारणपणे पंधराव्या शतकात युरोप खंडातून आली, आणि कित्येक दिवस बिनहॉपची ती ‘एल’ व हॉपची ती ‘बिअर’ असा भेद लोक पाळीत असत. टॉल्किन हे दोन्ही शब्द वापरतो. तेव्हा शायरमध्ये हॉप होता की नव्हता, ह्यावर छांदिष्टांत मतभेद होतात आणि प्रत्येकाचे पिंप हा त्याच्या मताचा पुरावा ठरतो. पाठभेदांवर वाद घालणाऱ्या आपल्या पंडितांस हे दृश्य परके वाटू नये. एन्ट नावाच्या वृक्षमानवांचे पेय मात्र बहुतेक जण सोडून देतात. ते पिऊन दोन हॉबिटांची उंची वाढली, असे कथेत असल्यामुळे तेथे पडताळ्याची अडचण आहे.

वाङ्मयातून पेय सिद्ध करण्याचा हा उद्योग पोरकट नव्हे, हे दाखवणारे एक उदाहरण विद्वानांच्या क्षेत्रातलेच आहे. सुमेर देशातील मद्यदेवता निन्कासी हिचे सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीचे एक स्तोत्र मृत्तिकापट्टांवर सापडले. मिगेल सिव्हिल ह्या पंडिताने १९६४ साली त्याचा अनुवाद प्रसिद्ध केला, आणि त्यात देवतेच्या स्तुतीबरोबर बिअर करण्याच्या पायऱ्याही गुंफलेल्या आहेत असे ध्यानात आले. १९८९ साली सॅन फ्रॅन्सिस्कोच्या अँकर ब्रूइंग कंपनीने त्या आधारे खरोखरच बिअर करून पाहिली. व्यापाराने मात्र ह्या छंदाचे सोने केले त्याहून माती अधिक केली. २०१३ पासून न्यूयॉर्क राज्यातील ओमेगँग मद्यशाळेने ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ह्या मालिकेच्या नावाने बिअर विकली. हॅरी पॉटरच्या मराठीतही आलेल्या कथांतील ‘बटरबिअर’ २०१० पासून अमेरिकेतील करमणूक-उद्यानात मिळते ती निव्वळ साखरेचे सरबत आहे. वास्तविक सोळाव्या शतकातील इंग्रजी पाकपुस्तकांत बिअर, लोणी, साखर, अंड्यातील बलक व जायफळ ह्यांचे कढत पेय खरेच सांगितलेले आहे. ज्यास ते ठाऊक आहे तो वाचक उद्यानातील पेला पाहून हसेल.

आता प्रत्यक्ष कृती. ती समजावून सांगण्यासाठी आपल्याच स्वयंपाकघरातील शब्द पुरतात, आणि ह्या लेखाचा सर्व भर त्यावरच आहे.

धान्यात पीठ असते, साखर नसते. आणि किण्वाचे सूक्ष्म जीव पीठ खात नाहीत, साखर खातात. म्हणून पिठाची साखर करून घेणे ही पहिली पायरी. ती धान्यच स्वतः करते. जव म्हणजेच सातू भिजवून, निथळून, ओलसर ठेवला की चार-पाच दिवसांत त्यास मोड येतात, आणि मोडास अन्न पुरवण्यासाठी पिठाचे साखरेत रूपांतर करणारी पाचक द्रव्ये दाण्यात तयार होतात. त्याच वेळी ते दाणे वाळवून मोड खुंटवावयाचा. ह्या मोडवून वाळवलेल्या धान्यास इंग्रजीत ‘माल्ट’ म्हणतात. मराठी आईस हे नवे नाही. तान्ह्या मुलासाठी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून जे सत्त्व करतात ते नाचणीचे माल्टच होय. वाळवताना कमी-अधिक भाजले म्हणजे रंग व चव बदलते. हॉबिटांच्या बिअरीचा तपकिरी रंग येथून येतो.

हे माल्ट भरड दळून सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवले की खुंटवलेले काम पुन्हा सुरू होते व पाणी गोड होते. पाणी उकळले तर पाचक द्रव्ये मरतात, कोमट राहिले तर काम मंदावते. सारे कौशल्य ह्या तासात आहे. हा गोड काढा गाळून घेऊन मग हॉपसह तासभर उकळतात, थंड करतात आणि त्यात किण्व, म्हणजे यीस्ट, घालतात. घरगुती प्रमाण साधारणतः वीस लिटरांस चार-पाच किलो माल्ट असे असते. ‘एल’ जातीचे किण्व १८ ते २२ अंशांत उत्तम चालते. आठवड्या-दोन आठवड्यांत साखरेचे अल्कोहोल व कर्बवायू होतो, आणि बाटलीत भरताना चिमूटभर साखर घातली की तोच वायू फेस आणतो. अल्कोहोलाचे प्रमाण शेकडा चार-पाच. त्याच धान्यावर पुन्हा पाणी घालून काढलेली दुसऱ्या हाताची पातळ बिअर त्याहून पुष्कळच सौम्य असे, आणि इंग्लंडातील घरांत ती नोकरचाकर व मुलेदेखील पीत असत. टॉल्किनच्या कथेवरील चित्रपट न्यूझीलंडमध्ये चित्रित झाले, तेव्हा नटांना दिवसभर पेले रिचवावे लागत म्हणून मुद्दाम अशीच अतिसौम्य बिअर करून घेतली होती.

ह्यात कोठेही भट्टी नाही, नळी नाही, वाफ नाही. म्हणजे ‘गाळणे’ नाही. आमच्या मते मराठी वाचकाच्या गैरसमजाचे मूळ ह्या एका क्रियापदात आहे. मराठीत दारू ‘गाळतात’. मोहाची असो की गुळाची, ती हातभट्टीवर ऊर्ध्वपातनाने काढलेली असते, आणि तिचा दाह व तिची अप्रतिष्ठा ही दोन्ही त्या गाळण्यातून आलेली आहेत. बिअर गाळीत नाहीत, ती आंबवतात. आंबवण्याविषयी मराठी मनात कसलीही अढी नाही. उलट तो घरच्या बाईच्या हातगुणाचा विषय आहे. ताकात ज्वारीचे वा नाचणीचे पीठ रात्रभर भिजवून आंबील करतात. खानदेशी घरात उन्हाळ्यापूर्वी ज्वारी दोन-तीन दिवस भिजत घालून, ती आंबली की वाटून, शिजवून तिचे बिबडे घालतात, आणि डिंडोलीच्या गच्च्यांवरही बिबड्यांचे वाळवण दिसते. त्या भिजलेल्या ज्वारीचा जो आंबूस गंध घरभर पसरतो, तो बिअरीच्या पिंपाचा सख्खा नसला तरी चुलत भाऊ आहे. आपल्याकडे काम मुख्यतः दही विरजणाऱ्या जीवांचे, तिकडे यीस्टचे, एवढाच फरक. ज्वारीची बिअर होत नाही असेही नाही. दक्षिण आफ्रिकेत मोडवलेल्या ज्वारीपासून ‘उमकोम्बोथी’ नावाची दाट, आंबट बिअर घरोघर करतात, आणि तेथेही ते काम परंपरेने बायकांचेच आहे.

प्राचीन भारतास ही पद्धती अज्ञात नव्हती. सौत्रामणी यागातील सुरेसाठी शतपथब्राह्मणात मोड आलेला जव, लाह्या व ‘नग्नहु’ नामक किण्वद्रव्य सांगितले आहे. म्हणजे माल्टची कल्पना तेथे स्पष्ट आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. त्यातील ‘मेदक’ ह्या मद्याचे प्रमाण सोळा भाग पाणी, दोन भाग तांदूळ व तीन भाग किण्व असे पडते. मेदक हे तांदळाचे, गाळलेले नव्हे, आंबवलेले. आज पाठ्यपुस्तकांत आपण ‘किण्वन’ हा शब्द वापरतो तो ह्या किण्वापासून आला, आणि प्रयोगशाळेच्या मार्गाने का होईना, तो शाळेत पोहोचला हे बरे झाले. ह्या प्रकरणातील आणखी एक गोष्ट आमच्या विषयास अगदी लागू पडते. सुरेचा व्यवहार राजाच्या कडक नियंत्रणाखाली ठेवणारा तोच कौटिल्य, गृहस्थांना विशेष कार्यप्रसंगी श्वेतसुरा व औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा देतो. घरगुती किण्वन व विक्रीची दारू ह्यांत भेद करण्याची बुद्धी त्यास होती.

विद्यमान कायद्यात तो भेद नाही. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ सालचा. १९६० साली राज्य दुभंगल्यावर तो दोन्हीकडे राहिला. महाराष्ट्राने पुढे परवाने देऊन तो सैल केला, गुजरातने बंदी कायम ठेवली व २०१७ च्या दुरुस्तीने उत्पादनासाठीची शिक्षा दहा वर्षांच्या कारावासापर्यंत नेली. कायद्यातील व्याख्येत बिअर व ताडी नावानिशी आहेत. म्हणून डिंडोलीत राहून बार्लिमनची बिअर करू पाहणाऱ्याने हे स्पष्ट जाणावे की, वीस लिटरांचे ते निरुपद्रवी पिंप कायद्याच्या दृष्टीने हातभट्टीच्याच पंक्तीत बसते. परवान्यावाचून ते महाराष्ट्रातही करता येत नाही. आम्ही तसा उपदेश करीत नाही, आणि सुरतेच्या उन्हाळ्यात ते चांगले होणारही नाही. तीस अंशांच्या वर गेलेले यीस्ट उग्र, डोके दुखवणारे पेय देते.

परंतु त्याच कायद्याच्या कडेने दोन वस्तू येथे राजरोस नांदतात, आणि त्या विद्यार्थ्यास दाखवण्यासारख्या आहेत. पहिली नीरा. दक्षिण गुजरातेत हिवाळ्याच्या सकाळी खजुरीची ताजी नीरा विकतात. मडक्यास आतून चुना लावून तिचे आंबणे थोपवलेले असते. ते थोपवले नाही तर सूर्य वर येईल तसतशी तिची ताडी होत जाते. विधी व निषेध ह्यांमधील रेषा एवढ्या नितळपणे घड्याळावर दाखवणारे दुसरे पेय नाही. दुसरी वस्तू आयुर्वेदातील आसवे व अरिष्टे. गूळ वा मध, औषधी द्रव्ये आणि धायटीची फुले पाण्यात घालून भांड्याचे तोंड बंद करून महिनाभर ठेवण्याच्या ह्या क्रियेस वैद्य ‘संधान’ म्हणतात. त्यात स्वयंजात अल्कोहोल असते, आणि ते बहुधा बिअरीहून अधिक असते. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी कायदा बहुतांशी वैध ठरवताना अल्कोहोलयुक्त औषधांपुरता तो अवैध ठरवला, हा इतिहास ह्याच्याशी निगडित आहे. डिंडोलीतील कोणत्याही औषधाच्या दुकानात द्राक्षासवाची बाटली मिळते आणि आजीबाई ती चमच्याने घेतात. तिला दारू म्हणण्याचे कोणाच्या स्वप्नीही येत नाही.

ह्यावरून भाषांतराच्या प्रश्नास उत्तर मिळते, असे आम्हांस वाटते. टॉल्किनच्या ‘एल’ व ‘बिअर’ ह्यांस ‘दारू’ म्हणणे हे भाषांतर नव्हे, तो निवाडा आहे. ‘मद्य’ हा शब्द सभ्य खरा, पण तो सरकारी परिपत्रकाचा. मॅगटच्या स्वयंपाकघरात तो शिरत नाही. ‘सुरा’ धान्याची म्हणून अर्थाने सर्वांत जवळ, पण तिच्यामागून इंद्रसभा येते. तेव्हा ‘बिअर’ हाच शब्द ठेवावा, आणि पहिल्याच ठिकाणी तो जवाची आंबवलेली, सौम्य, घरची वस्तू आहे असे वाक्यातच सुचवून द्यावे. परक्या शब्दाचा संकोच बाळगण्याचे कारण नाही. मँडेल्स्लो हा जर्मन प्रवासी १६३८ साली सुरतेस आला, तेव्हा येथील इंग्रज वखारवाले अर्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर ह्यांचे जे पेय पीत असत त्याचे नाव त्याने आपल्या परीने लिहून ठेवले आहे. त्यात ‘पंच’ हा शब्द ऐकू येतो. त्याच शतकात जॉन फ्रायरने त्याची व्युत्पत्ती आपल्या ‘पाच’ ह्या संख्येपासून लावली. सुरतेच्या बंदरातून ‘पंच’ तिकडे गेला असेल, तर ‘बिअर’ इकडे आल्याने तोल बिघडत नाही.

‘मीड’ ह्या पेयाविषयी मात्र मराठीने परका शब्द घेऊ नये, असे आमचे मत आहे. मीड म्हणजे मध व पाणी आंबवून केलेले पेय. रोहन देशाच्या राजाच्या सुवर्णगृहास टॉल्किनने ‘मेदुसेल्ड’ असे नाव दिले. ते त्याने रचलेले नाही. ‘बेओवुल्फ’ ह्या प्राचीन इंग्रजी काव्यात तो शब्द आहे, व त्याचा अर्थ मीड पिण्याचे सभागृह असा आहे. त्यातील ‘मेदु’ आणि आपला ‘मधु’ हे एकाच आदिम शब्दाचे वंशज आहेत. संस्कृतात मधु म्हणजे मध आणि मधु म्हणजे मद्यही. म्हणून ‘मध्वासव’ किंवा नुसते ‘मधु’ म्हटल्याने टॉल्किनचा शब्द मराठीत आणल्यासारखे होत नाही; फार दिवस परगावी राहिलेला नातेवाईक घरी आल्यासारखे होते. पुण्याजवळ अलीकडे मीड तयार करणारा उद्योग निघाला आहे. त्याच्या बाटल्यांवर मराठी नाव आले तर आनंदच वाटेल.

राहता राहिला वर्गातील प्रश्न. जे शिक्षक शब्दार्थावर समाधान मानीत नाहीत त्यांच्यासाठी, कायद्याच्या चौकटीत बसेल एवढा प्रयोग सांगतो. तो डिसेंबर-जानेवारीत करावा, कारण उन्हाळ्यात मोडांवर बुरशी चढते. किराणा दुकानातून आख्खा, टरफलासकट जव आणावा. पाव किलो पुरे. तो एक दिवस भिजवून, पाणी दोन-तीनदा बदलून, ओल्या फडक्यात बांधावा व रोज उलटापालट करावी. पाचव्या दिवशी मोड दाण्याच्या लांबीइतके झाले की उन्हात खडखडीत वाळवून हातावर चोळून मुळ्या झाडून टाकाव्यात. मूठभर दाणे तव्यावर तांबूस भाजून घ्यावेत. त्या वासाबरोबर बार्लिमनच्या पानगृहाचे दार किलकिले होते. सगळे भरड दळून लिटरभर पाण्यात घालावे. ते पाणी हात लावता येणार नाही इतके कढत, पण उकळी न आलेले असावे. उष्णतामापक असल्यास ६५ अंश. भांडे गोधडीत गुंडाळून तासभर ठेवावे, मग फडक्यातून गाळून एक उकळी देऊन निववावे. त्यात साखरेचा कणही घातलेला नसता ते गोड लागते, हे मुलांना स्वतः चाखून पाहू द्यावे. हॉबिटांची बिअर येथपर्यंत अशीच असते. ह्यापुढची पायरी यीस्टची, आणि ती आपण टाळावयाची आहे. पण हवेतले यीस्ट कोणाची परवानगी विचारीत नाही, म्हणून उरलेला काढा शाळा सुटण्यापूर्वी संपवावा किंवा ओतून टाकावा.